दोन शब्दांमधले चार सेकंद

१

दुकानात शिरल्याबरोबर मी विचारलं, "यातल्या कुठल्या मोबाइलमधलं जास्तीत जास्त काढून टाकता येतं?"

दुकानदाराचा चहाचा कप हवेतच राहिला. लोक येऊन कॅमेरा विचारतात, बॅटरी किती टिकते ते विचारतात. काय काय नको याची यादी घेऊन आलेली त्याच्या आयुष्यातली मी पहिलीच बाई असणार.

"मॅडम, तुम्हाला मोबाइल हवाय की पाटी?" तो म्हणाला.

"पाटीच घेतली असती. ती कोणाचे कान फुंकत नाही. पण वकीलबाई पाटीवर निरोप पाठवत नाहीत."

त्यानं निमूटपणे काउंटरवर चार मोबाइल मांडले. सगळे स्वस्तातले, कारण महागडा घ्यायची ऐपत नव्हती. पहिला सगळ्यांत स्वस्त होता, पण नुसता चालू केला की पडद्यावर जाहिरात यायची. आमच्याकडून कमी घेतलं म्हणजे कंपनी उरलेलं दुसरीकडून वसूल करणार, एवढं न कळण्याइतकी मी भोळी नाही. दुसरा दिसायला छान, पण त्याचे सुरक्षेचे अपडेट वर्षभरात बंद होणार होते. तिसरा वापरलेला होता. कोणाच्या हातून, कशासाठी सुटला कोण जाणे, त्याला मी हातही लावला नाही. चौथा काळा, जाडजूड, विटेसारखा. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"यात फारसं काही नाहीच," दुकानदार खांदे उडवत म्हणाला. "म्हणून कोणी घेत नाही. अपडेट मात्र चार वर्षं येतात."

"हाच द्या."

खोक्याचं सील तपासून घेतलं, सिम माझ्या नावावर घेतलं आणि घरी निघाले. मोबाइल माझ्यासाठी नव्हता. तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता. ठकू म्हणतो आम्ही तिला, लहानपणापासून. गेले पाच आठवडे ती माझ्याकडे येऊन राहिली होती, आणि हे फक्त तीन माणसांना माहीत होतं: तिला, मला आणि वकीलबाईंना. कोर्टाची तारीख अकरा दिवसांवर होती. तोवर ती कुठे आहे हे तिच्या नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. बाकी मला जगाकडून काही नको होतं.

२

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आधीच्या भाडेकरूनं पुढचं दार पिवळंधमक रंगवून ठेवलं होतं, ते मी तसंच ठेवलं. आतून मात्र दोन जाड कड्या बसवून घेतल्या. गेल्या वर्षी मी शहर बदललं, नोकरी बदलली, नातेवाइकांत कोणाला नवा पत्ता दिला नाही. हिला माणसं नकोशी झालीत, असं सगळे म्हणाले. म्हणेनात.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही दोघींनी त्या मोबाइलचा समाचार घेतला. ठकू एकेक सूचना वाचायची आणि मी हुकूम सोडायचे.

"तुम्ही कुठे आहात हे पाहू का, विचारतोय."

"नाही म्हण."

"फोनमधले नंबर पाहू का?"

"नाही."

"माइक वापरू का?"

"वकीलबाईंशी बोलताना तेवढा. एरवी नाही."

"ताई, तू तर याला पाणीसुद्धा विचारत नाहीस," ती हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच हसली असेल. मी समोरच्या कॅमेऱ्यावर डकवायला काळी पट्टी कापत होते, ती चुकून वाकडी कापली.

सगळं बंद केलं, काढता येईल ते काढलं. एकच अ‍ॅप हटेना. त्याला नाव नव्हतं, नुसता राखाडी गोल होता. उघडलं तर आत काहीच नाही. परवानगी तर कसलीच दिलेली नव्हती. मग राहू दे म्हटलं, बसू दे कोपऱ्यात.

मी एवढी काटेकोर का होते, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ठकू पहिल्यांदा घर सोडून निघाली, ती एका मैत्रिणीकडे गेली होती. सहाव्या दिवशी अंघोळ करून बाहेर आली तर नवरा मैत्रिणीच्या सोफ्यावर बसून चहा पीत होता. तो ओरडणाऱ्यातला नाही. त्याचा आवाज इतका मऊ आहे की समोरच्याला आपणच आडमुठे आहोत असं वाटायला लागतं. मैत्रिणीनंच तिला समजावून त्याच्याबरोबर धाडलं. घरी नेल्यावर त्यानं तिचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावून घेतलं. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

"जुन्या मोबाइलनं घात केला माझा," त्या संध्याकाळी पुन्हा एकदा ठकू म्हणाली. "त्यात काहीतरी घालून ठेवलं असणार त्यानं. नाहीतर तिथे कसा पोचला?"

मी मान हलवली आणि पट्टी नीट चिकटवली.

मग नियम ठरवले. बेल वाजली तर उठायचं नाही. मी आले की दार वाजवून हाक मारणार. माझा आवाज ओळखल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही.

"तुझा आवाज न ओळखायला काय झालं?" ठकू म्हणाली. "कपाटाच्या आतूनही ओळखेन."

३

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कोणाला किती ऐकू येतं ते तपासते. आवाजबंद खोलीत पेशंटला बसवायचं, काचेच्या अलीकडे मशीनपाशी आपण बसायचं आणि माइकमधून एकेक शब्द सांगायचा. पाणी. घोडा. दिवा. माती. शब्द सांगताना तोंडापुढे पुठ्ठा धरायचा, नाहीतर बहिरी माणसं ओठ वाचून बरोबर उत्तरं देतात. आवाज सपाट ठेवायचा, ना चढ ना उतार. प्रत्येक शब्दानंतर चार सेकंद थांबायचं. तेवढ्यात पेशंटनं ऐकलेला शब्द परत म्हणायचा असतो. पंधरा वर्षं हेच केल्यावर तो आवाज आपोआप लागतो. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, तुमच्या आवाजात माणूसच नाही, म्हणून चाचणी इतकी अचूक होते.

तर मोबाइल चोरून ऐकतो की नाही याची चाचणी मी माझ्याच पद्धतीनं घ्यायची ठरवली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फळीवर तो ठेवायचा, समोर स्टुलावर बसायचं आणि यादी वाचायची. अधूनमधून आमच्या घरात कधी लागणार नाहीत असे शब्द पेरायचे. होडी. वल्हं. शिडी. उद्या पडद्यावर होडीची जाहिरात दिसली की चोर सापडला. पुठ्ठाही धरायचे मी, सवयीनं. ठकू दारातून बघून हसायची.

चार दिवस झाले. होडी नाही, वल्हं नाही, काही नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. हवं ते निवडता आलं तर स्वस्तातली वस्तूही इमानी निघते, असं मी ठकूला ऐकवलंही.

पाचव्या दिवशी मी घरी येऊन फळीसमोर स्टूल ओढलं, तर ठकू खोलीतून म्हणाली, "आज परत? दुपारी वाचलेस की शब्द."

"दुपारी मी दवाखान्यात होते."

"हो का? मग स्वप्न पडलं असेल."

ती दुपारी डोकेदुखीची गोळी घेऊन पडते. पडदे ओढून घेते. अर्धवट झोपेत माणसाला काय वाटेल त्याचा नेम नसतो. खालच्या घरात टीव्हीही चालू असतो. मी तेवढ्यावर विषय सोडला. पण त्या संध्याकाळी यादी वाचली नाही.

४

दुसऱ्या दिवशी जेवताना ठकू एकदम म्हणाली, "ताई, तू दुपारी येतेस तेव्हा किती छान बोलतेस गं. संध्याकाळी मात्र सारखी कावलेली."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"काय बोलते मी दुपारी?"

"काय काय. लहानपणी मी कपाटात लपून बसले होते आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस की ठकूला वाऱ्यानं नेलं, ते सांगत होतीस आज."

ही गोष्ट खरी होती. दोन-तीन दिवसांपूर्वी भाजी निवडताना मीच काढली होती. टेबलापाशी. फळी टेबलापासून हातभर लांब.

"तू मला पाहिलंस?"

"तू स्वयंपाकघरात असतेस ना. मला उठवत नाही. पडल्या पडल्या ऐकते." मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. "का? तू येत नाहीस?"

जिला पाच आठवडे झोप नव्हती, ती दुपारची दोन तास तरी पडू लागली होती. "येते कधी कधी," मी म्हणाले. थाप मारली सरळ.

ती बाथरूममध्ये गेल्यावर मी मोबाइल उपसला. रेकॉर्डिंग एकही नाही. माइकला परवानगी नाही. कॉलच्या यादीत वकीलबाईंचे दोन फोन, बस्स. राखाडी गोल उघडला तर आत कोरं पान. मी एकेक शक्यता खोडत गेले. गोळ्यांचा अंमल असेल. मोबाइल अडकून माझंच बोलणं वाजवत असेल. ठकूचं मन बिचारं थकलंय, ते आधार शोधत असेल. तिन्ही शक्यता पटण्यासारख्या होत्या. तरी मोबाइल खाली ठेवताना त्याची पाठ कोमट लागली. दिवसभर कोणी वापरलेला नव्हता.

सकाळी निघताना मी तो पर्समध्ये टाकला. "आजचा दिवस मी नेते. तपासून आणते."

"आणि वकीलबाईंचा निरोप आला तर?"

"मी आहे ना."

५

बाराच्या सुमाराला पेशंट संपले. मी मोबाइल आवाजबंद खोलीत पेशंटच्या खुर्चीवर ठेवला, जाड दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन हेडफोन लावले. खोलीतला माइक इतका संवेदनशील आहे की पेशंटनं आवंढा गिळलेलाही कळतो. बाहेरचं काही आत जात नाही. यापेक्षा चांगली चाचणी कोणती मोबाइल कंपनी घेईल?

पाच मिनिटं काही नाही. काचेतून मोबाइल दिसत होता. पडदा काळा. मी हेडफोन काढणार, तेवढ्यात मशीनवरचा आवाज मोजणारा काटा हलला.

"पाणी," मी म्हणाले. म्हणजे माझा आवाज म्हणाला. सपाट, स्वच्छ.

चार सेकंद.

"घोडा."

चार सेकंद.

माझं पहिलं मत असं झालं की चला, निदान कळलं. चोरून रेकॉर्ड करतो मेला, दुपारी आपोआप वाजवतो. दुकानात नेऊन त्या माणसाच्या डोक्यात घालते. मग माझ्या लक्षात आलं की काटा शब्दांच्या मध्येही हलतोय. अगदी थोडा. मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

"दिवा," माझा आवाज म्हणाला.

आणि त्या चार सेकंदांत, खूप लांबून, कोणीतरी म्हणालं, "दिवा."

पुरुषाचा आवाज. मऊ.

"माती."

"माती."

तो एकही शब्द चुकत नव्हता. शंभर टक्के गुण पडले असते. मग माझी यादी संपली आणि माझा आवाज थांबला नाही.

"जिना."

"जिना."

"तिसरा मजला."

"तिसरा मजला."

"पिवळं दार."

"पिवळं दार."

"दोन कड्या."

या वेळी उत्तर आलं नाही. पंधरा वर्षांत मी कोणाला शब्द दुसऱ्यांदा सांगितलेला नाही, तो नियमच आहे. माझ्या आवाजानं सांगितला. समजूत घालावी तसा, हळू. "दोन कड्या."

"दोन कड्या," ठकूचा नवरा म्हणाला.

मी आवाजबंद खोलीचं दार उघडलं. आत शुकशुकाट. खुर्चीवर मोबाइल, पडदा काळा. दार लावलं की काटा पुन्हा हलायला लागायचा. उघडलं की बंद.

डॉक्टर मागे येऊन उभे होते. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले.

"तुमचंच रेकॉर्डिंग आहे की," ते म्हणाले. "छान स्पष्ट आहे. पेशंटसाठी ठेवू या."

"आणि मध्ये मध्ये?"

"मध्ये काही नाही. मध्ये पॉज आहे." त्यांनी हेडफोन परत दिले. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? चेहरा पांढराफटक पडलाय."

डॉक्टरांचं वय झालंय, त्यांचेच कान मी दर वर्षी तपासते आणि दर वर्षी थोडे उतरलेले असतात. त्यांच्या मताला मी किंमत दिली नाही. त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. ठकूला फोन करून सावध करावं म्हटलं तर तिच्याकडचा एकुलता एक मोबाइल त्याच कुलपाआड. एवढी हुशार मी.

"पेशंट आले आणखी दोन," डॉक्टर मागून म्हणाले.

"बसू द्या," मी म्हणाले आणि पळत सुटले.

६

सव्वा वाजता मी जिना चढून आले तेव्हा छातीत कळ येत होती. पिवळं दार बंद होतं. बाहेरच्या कुलपाची किल्ली माझ्याजवळ होती, पण आतल्या कड्यांना किल्ली नसते. मी दार वाजवलं.

"ठकू, मी आहे. उघड."

आत पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली.

"कोण?"

"मी गं, ताई. उघड लवकर. आपल्याला निघायचंय. वकीलबाईंकडे जाऊ, आत्ताच्या आत्ता."

कडीला हात लागल्याचा आवाज आला नाही.

"ताई घरात आहे," ठकू म्हणाली.

दुपारचं ऊन जिन्याच्या खिडकीतून माझ्या चपलांवर पडलं होतं.

"मघाशीच आली," ती पुढे म्हणाली. "चहा टाकलाय तिनं."

मोबाइल दवाखान्यात होता. कुलपात. किल्ली माझ्या खिशात टोचत होती.

"तू तिला पाहिलंस, ठकू? जाऊन बघ स्वयंपाकघरात. एकदा बघ फक्त."

"मला माझ्या बहिणीचा आवाज कळत नाही का?" तिचा आवाज कापत होता, पण ती हटत नव्हती. "तिनं सांगितलं होतं असं होणार म्हणून. मोबाइलवरून त्यांनी तिचा आवाज उचललाय. म्हणून तर सकाळी तो मोबाइल तिनं घरातून नेला. कोणी कितीही ताईच्या आवाजात बोललं तरी दार उघडायचं नाही."

माझंच बोलणं होतं ते. मी आत असते तर अक्षरशः हेच सांगितलं असतं.

"मला काहीही विचार," मी म्हणाले. "फक्त मलाच माहीत असेल असं काहीही."

"कपाटाचं सांगशील. शाळेचं सांगशील. ते ती पण सांगते."

बरोबर होतं तिचं. त्या घरात तोंडातून काढलेला माझा प्रत्येक शब्द तिकडे जमा होता. मग मी त्या घरात न बोललेलं काय उरलं होतं? फार शोधावं लागलं नाही. एकच गोष्ट होती. दोन वर्षं ती घशात घेऊन मी जगत होते, शहर बदललं ते तिच्यापायी, कड्या बसवल्या त्या तिच्यापायी. मी कपाळ दाराला टेकवलं.

"ठकू, ऐक. मागच्या वेळी मैत्रिणीचा पत्ता त्याला मोबाइलनं दिला नव्हता. मी दिला होता."

आत काहीच हललं नाही.

"त्यानं मला फोन केला होता. रडत होता. म्हणाला, ताई, एकदा माफी मागू द्या, मग ती म्हणेल तसं. मला वाटलं, संसार आहे, सावरेल. मी पत्ता सांगितला. मजलासुद्धा सांगितला. तुझी बोटं माझ्यामुळे मोडली. तू मोबाइलला शिव्या देत होतीस आणि मी मान हलवत होते, मला लाज वाटत होती गं, सांगितलं असतं तर तू परत माझ्याकडे आलीच नसतीस. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भिंतीलाही नाही. आता कळलं ना मीच आहे ते? उघड."

मला रडू फुटलं होतं. नाक ओढत मी वाट पाहिली. ठकू दाराला अगदी लागून उभी होती, तिचा श्वास फटीतून ऐकू येत होता. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे श्वास ऐकण्यात गेली माझी. हा श्वास रडणाऱ्याचा होता.

"माझी ताई असं करणार नाही," ती म्हणाली.

"केलं मी, ठकू."

"तुला माझी ताई माहीतच नाही," ती म्हणाली. "ती रोज दुपारी माझ्याजवळ बसते."

खाली पहिल्या मजल्यावर बूट वाजले. घाईचे नव्हते. दुसऱ्या मजल्याशी जरा थांबले, मग पुढे आले. मी वळून दाराला पाठ लावली आणि दोन्ही हात चौकटीला धरले.

तो वळणावर आला आणि तीन पायऱ्या खाली उभा राहिला. दाढी नीट, शर्ट इस्त्रीचा. माझ्याकडे पाहून त्यानं हात जोडले.

"नमस्कार, ताई," तो म्हणाला, आतपर्यंत जाईल इतक्या आवाजात. "तुम्ही फोन केलात, फार बरं वाटलं. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावला असाल. या वेळीही तुम्हीच उपयोगी पडलात."

"मी नाही केला फोन," मी म्हणाले.

"असं कसं, ताई? सगळं एकेक करून सांगितलंत. माझ्याकडून परत म्हणवूनसुद्धा घेतलंत."

तो पुढे आला नाही. हात मागे बांधून थांबला, नंबर लागायची वाट पाहणाऱ्या पेशंटसारखा. कुठे जायची घाईच नव्हती त्याला.

माझ्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे, घराच्या आतल्या बाजूनं माझा आवाज आला.

"वरची कडी."

मी मोजले नाहीत, पण चारच सेकंद झाले असणार.

"वरची कडी," ठकू म्हणाली. कडी निघाली.

"नको, ठकू," मी ओरडले. "नको उघडूस, मी पाया पडते."

"खालची कडी."

"खालची कडी," ठकू म्हणाली.

दार मागे गेलं आणि माझा तोल गेला. सावरून वळले तेव्हा ठकू उंबऱ्याच्या आत उभी होती, वाकडी बोटं छातीशी धरून. तिच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघराचा तुकडा दिसला. टेबलापाशी माझा घरचा राखाडी गाऊन घातलेली एक बाई पाठमोरी बसली होती. गॅसवर भांडं नव्हतं. टेबलावर तीन कप मांडलेले होते, तिघांचे, आणि तिन्ही रिकामे. बाईनं मान वळवली नाही.

ठकूनं जिन्यावर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्याला बघून ती दचकेल, किंचाळेल असं मला वाटलं होतं. ती दचकली नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, ओल्या डोळ्यांनी, माझ्या तोंडाकडे, जणू तिथून आणखी काही बाहेर पडेल. आणि एकेक पाऊल मागे सरकायला लागली.

"ताई," तिनं हाक मारली.

मी ओ दिली. तिनं तोवर तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं होतं.